माझ्या नावावरची सायकल

गारा पडल्या शुक्रवारी दुपारी, आणि सगळ्या मिळून बारा मिनिटं पडल्या. तेवढ्यात इतागाकी म्हाताऱ्याच्या बागेचं वाटोळं झालं. बाग नाशीची, आणि जपानची नाशी म्हणजे आपल्या नासपतीची गोल, पाणीदार बहीण. जूनच्या सुरुवातीला फळ लिंबाएवढं असतं. एकेका फळावर तीन-तीन, चार-चार ठोकरा. दुसऱ्या दिवशी ठोकर काळी पडली. फळ कापून बघितलं तर आत लाकूड.

मी तेव्हा ग्योतोकूच्या हॉटेलात पुण्याच्या इंजिनिअर लोकांसाठी पनीर परतत होतो. बागेत होती माझी बायको सिंधू आणि माझा मेहुणा रणजित. दोघांनी फळांचे क्रेट डोक्यावर पालथे धरले आणि मांडवाखाली उभे राहिले. क्रेट धरलेल्या बोटांची सालं निघाली. संध्याकाळी मी घरी आलो तर रणजित मिठाच्या पाण्यात बोटं बुडवून बसला होता, आणि हसत होता.

"दाजी, आटपाडीत पाणी बघाय मिळंना, आन् हितं देवानं बर्फाचं धोंडं घातलं डोस्क्यात."

"जाळं टाकलं असतं तर वाचलं असतं फळ," मी म्हणालो.

"मी मेपासनं सांगतोय म्हाताऱ्याला. म्हातारा म्हणतो पुढच्या आठवड्यात. त्याचा पुढचा आठवडा गारंनंतर आला."

टोकियोशेजारच्या इचिकावा शहराच्या उत्तर टोकाला ओमाची म्हणून भाग आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नाशीच्या बागा, पुढं पत्र्याचे विक्रीचे मांडव. बागेच्या मागं इतागाकीचं जुनं गड्यांचं घर. दोन खोल्या. त्यात आम्ही चौघं राहत होतो: मी, सिंधू, पोरगी विभा, आणि रणजित. नोंद मात्र तिघांचीच.

मी इथं आलो मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी. किरणोत्सर्गाच्या भीतीनं बाकीचे आचारी पळाले म्हणून माझा नंबर लागला. चार वर्षांनी गावी गेलो तेव्हा अंगात जाकीट घालून पारावर बसलो आणि जपानच्या बाता मारल्या. रणजित डाळिंबाची बाग बघत होता. त्याच्या हाताला झाड कळायचं. मीच त्याला म्हणालो, काय काट्यात हात घालून बसलास, चल. मीच त्याला आचारी म्हणून आणला. त्याला भात लावता येत नव्हता. करोनात त्याचं हॉटेल बंद पडलं, मालक फोन उचलेना, विमानं बंद. त्याच्या रहिवासाच्या कार्डावरची तारीख उलटली. विमानं सुरू झाली तेव्हा तो इतागाकीच्या नाशीत रमला होता. इतागाकी म्हणायचा, या माणसाला झाड काय म्हणतंय ते ऐकू येतं. अशी चार वर्षं गेली.

सिंधूला कामाचा परवाना होता, आठवड्याला अठ्ठावीस तास. ती बागेत उघड काम करायची. रणजित मांडवाच्या सावलीत. दिवसाउजेडी रस्त्यावर जायचं नाही, हा सिंधूनं घातलेला नियम. दुकान, दवाखाना, पोस्ट, सगळं ती करायची. तो नियम चार वर्षं पाळला, आणि मोडला मी.

आमचा कायमच्या रहिवासाचा अर्ज फेब्रुवारीत गेला होता. विभा पंधरा वर्षांची. ती मराठीत ऐकते आणि जपानीत बोलते. तिला आटपाडीला न्यायची म्हणजे मासा डांबरावर सोडायचा. अर्ज लिहून देणाऱ्या बाईनं मला दोनदा बजावलं होतं, निकाल लागेपर्यंत पोलिसांच्या कागदावर नाव येऊ देऊ नका. मी मान डोलावली होती. घरी येऊन रणजितच्या शेजारी बसून जेवलो होतो.

मंगळवारी माझी सुट्टी. सकाळी सातलाच बागेत उतरलो. उरलंसुरलं फळ वाचवायचं म्हणून जाळं टाकायचं काम चाललं होतं. नाशीचा मांडव माणसाच्या डोक्याएवढा उंच. दिवसभर मान वर आणि हात वर. मी भट्टीपुढं उभा राहून सुटलेला माणूस. अर्ध्या तासात खांदे पेटले. हिरवी दोरी ओढून ओढून तळहाताला हिरवे वळ पडले. सिंधू फळं निवडत होती. चार ठोकरांचं फळ खाली, एका ठोकरीचं ठेवायचं. तिच्या पायाखाली कच्च्या फळांचा सडा पडला होता आणि त्यावर माश्या.

रणजित तीन पायांच्या शिडीवर होता. वरून बघून म्हणाला, "दाजी, गाठ उलटी मारताय. वाऱ्यानं सुटंल ती."

मी म्हणालो, "सुटत न्हाय."

तो खाली उतरला, माझी गाठ एका बोटानं ओढली. सुटली. इतागाकी म्हातारा शेजारी उभा होता. तो खो खो हसला. मला म्हणाला, "बाळा-सान, तुमच्या हातात चमचाच बरा." सिंधूही हसली. पदरानं तोंड झाकायला पदर नव्हता, टोपी होती, ती तिनं खाली ओढली.

एवढंच झालं. याहून मोठं काही झालं असतं तर मला सांगायला तरी बरं वाटलं असतं.

दहाच्या सुमाराला दोरी संपली. सिंधूनं हात पुसले. "मी जाऊन आणते."

"तू कशाला?" मी म्हणालो. "गडी हाय की. का बहिणीच्या आडोशालाच म्हातारा व्हायचा इचार हाय त्याचा?"

रणजितनं शिडीवरून माझ्याकडं बघितलं.

सिंधू म्हणाली, "त्याला नका पाठवू. चौकीवर कागद लावल्यात, बघितलं न्हाय का? ह्या म्हयन्यात इमिग्रेशनवाले आन् पोलीस मिळून बघत्यात सगळ्यांस्नी."

"कागद दरसाल लावत्यात. धा मिनटाचं काम. जा रं. का भ्या वाटतंय?"

"भ्या कसलं?" रणजित म्हणाला. खाली उतरला. फळ विरळायची छोटी कात्री खिशात टाकली, सवयीनं.

"आन् येताना माझ्या सिगरेटी आण," मी म्हणालो.

तो सायकलवर बसून गेला. सायकल माझी. सहा वर्षांपूर्वी नवी घेतली तेव्हा दुकानदारानं माझ्या नावानं पोलीस नोंदणी करून नंबराची चिकटपट्टी दांडीला लावली. पुढं ती रणजितला वापरायला दिली. नाव कोण बदलतं? आपल्या लोकांत कुणीच बदलत नाही. ग्योतोकूतल्या अर्ध्या सायकली पुण्याला परत गेलेल्या इंजिनिअरांच्या नावावर फिरतात.

अकरा वीसला माझा फोन वाजला. समोरचा फार नम्र बोलत होता. चौकीतून बोलतोय, त्रासाबद्दल क्षमा करा, तुमच्या नावावर चांदीच्या रंगाची एक सायकल आहे, ती सध्या कुठं आहे?

मी जाळ्याखाली उभा होतो. जाळ्यातून ऊन गाळून पडत होतं.

"सायकल," मी म्हणालो.

"आत्ता ती एका परदेशी माणसाकडं मिळाली. तुमचं घर जवळच दिसतंय. आम्हीच येऊ का?"

घरात रणजितची गादी घडी घालून ठेवलेली. दोरीवर त्याचे दोन शर्ट. दारात त्याचे बूट.

"नको," मी म्हणालो. "मीच येतो. लगेच येतो."

सिंधूनं विचारलं, "कुणाचा फोन?"

"हॉटेलचा."

"दोरी घिऊन अजून आला न्हाय त्यो."

"येईल," मी म्हणालो, आणि चालत सुटलो. रस्त्यात मी कारणं जुळवत होतो. विभाची शाळा, अर्ज, बारा वर्षं. एकेक कारण खणखणीत होतं. मला वाटतं, माणूस चौकीच्या दारात पोचायच्या आधीच खोटं बोलून झालेला असतो, आत जाऊन फक्त उच्चार करायचा असतो.

चौकी म्हणजे एक खोली. गार हवा सुटलेली. दोघं पोलीस, एक चष्मेवाला पन्नाशीचा आणि एक तरुण, ताज्या दाढीचा. भिंतीवर तोच कागद. घडीच्या खुर्चीवर रणजित बसला होता. टेबलावर त्याच्याजवळचं सामान ओळीनं मांडलेलं. दोरीचं बंडल, कात्री, फोन, आणि माझ्या सिगरेटचं पाकीट. तो स्वतः ओढत नाही.

त्यानं मान वर केली नाही.

चष्मेवाला म्हणाला, "बाहेरची सायकल तुमचीच ना?"

"हो."

"तुम्ही यांना वापरायला दिली होती का?"

हो म्हटलं तर पुढचा प्रश्न, कुठं राहतो. त्यापुढचा, कुणाकडं. पुढचं सगळं मला टेबलावर मांडल्यासारखं दिसत होतं.

"नाही," मी म्हणालो. "दोन महिन्यांपूर्वी स्टेशनसमोरून चोरीला गेली होती."

"तक्रार दिसत नाही."

"हॉटेलचं काम. वेळ मिळाला नाही."

"यांना ओळखता?"

"नाही."

"एकाच देशाचे दिसता."

"देश फार मोठा आहे," मी म्हणालो. तरुण पोलीस हसला. मीही हसलो. ते हसू माझ्या तोंडाला अजून चिकटलेलं आहे.

रणजितला शेतातली जपानी चांगली येते, इतागाकीशी भांडण्याइतकी. इथं मात्र त्यानं एक शब्द कळत नाही असं तोंड केलं होतं. जितकं कमी बोलेल तितकी कमी माणसं अडकतील, हा त्याचा हिशेब होता. माझं बोलणं त्यानं सगळं ऐकलं. 'चोरीला' हा शब्द आला तेव्हा त्याच्या पायाचा अंगठा चपलेत वळला. तेवढंच.

चष्मेवाला म्हणाला, "यांच्या कार्डाची मुदत चार वर्षांपूर्वी संपली आहे. फोनवर हिंदीचे दुभाषे मिळाले, पण हे म्हणतात मराठी. तुमची हरकत नसेल तर पोलीस ठाण्याची गाडी येईपर्यंत जरा मदत कराल? औपचारिक काही नाही."

मी रणजितच्या समोर बसलो. आमच्या लग्नात हा माझा कान पिळायला आला होता. तेरा वर्षांचा होता.

"नाव काय तुमचं?" मी त्याला विचारलं.

त्यानं मान वर केली. माझ्याकडं नीट बघितलं.

"साहेब," तो म्हणाला, "सांगा त्यास्नी. सायकल म्याच उचलली. टेसनापुढनं. कुलूप नव्हतं."

मी ते जपानीत सांगितलं. तरुणानं लिहून घेतलं.

"राहतात कुठं, विचारा," चष्मेवाला म्हणाला.

"राहता कुठं?"

"नदीकडंला, पुलाखाली म्हणावं. आन् साहेब, पूर्वंच्या कोपऱ्यातल्या चार झाडांस्नी जाळं बांधायचं ऱ्हायलंय. वारा सुटला तर शिडीसकट जाईल सगळं. म्हाताऱ्याला चढू देऊ नका. हे त्यास्नी सांगू नका."

"एवढं लांब काय बोलले?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"म्हणतात, नदीच्या काठी पुलाखाली राहतो. तिथं वारा फार लागतो."

तरुणानं तेही लिहून घेतलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. पडद्यावर 'आक्का' असं नाव, आणि फोटोच्या जागी यमाई देवी. चौघांनी तिकडं बघितलं. वाचता येणारे आम्ही दोघंच.

"काय लिहिलंय?"

"बहीण," मी म्हणालो. "भारतातून असेल."

फोन थरथरत टेबलाच्या कडेला सरकत गेला. तरुणानं तो एका बोटानं अडवला. वाजून वाजून थांबला. बागेत कुठल्या झाडाखाली उभी राहून ती फोन लावत असेल ते मला ठाऊक होतं.

चष्मेवाल्यानं कात्री उचलली. लांब टोकाची, पात्यावर फळाचा काळा चीक. "ही नाशीची कात्री," तो म्हणाला. "माझ्या सासऱ्यांची बाग होती. कुठल्या बागेत काम करतात, विचारा."

"सापडली म्हणावं," रणजित म्हणाला.

मी सांगितलं. चष्मेवाल्यानं रणजितच्या बोटांची गारांनी निघालेली सालं बघितली. मग त्याची नजर माझ्या हातावर आली. मी हात टेबलावर ठेवले होते. तळव्यावर दोरीचे हिरवे वळ.

"आपण आचारी ना?" तो म्हणाला.

"हो."

"हं," तो म्हणाला, आणि एक छापील कागद माझ्यापुढं सरकवला. चोरीची तक्रार. दोन महिन्यांपूर्वीची तारीख घालून आज लिहायची. सहीऐवजीचा नावाचा शिक्का आणलाय का? नाही. मग डाव्या हाताचं पहिलं बोट चालेल. शाईची डबी उघडली. मी बोट टेकवलं. त्यानं पुसायला कागद दिला.

गाडी आली. आणखी दोघं उतरले. रणजितला उभं केलं, हातात बेड्या घातल्या, कमरेला निळी दोरी बांधली. दोरीचं टोक एकाच्या मुठीत. जनावर बाजारात नेताना धरतात तसं धरत नाहीत ते, सैल धरतात, अदबीनं. त्या अदबीनंच मला शिसारी आली, आणि मग आठवलं की मी कोण आहे.

दारात थांबून रणजित म्हणाला, "येतो, साहेब."

"काय म्हणाले?"

"धन्यवाद म्हणाले."

त्याचं सामान एका पिशवीत बंद झालं. त्यात माझ्या सिगरेटी. पोलीस मला तीनदा वाकले. सायकल माझ्या ताब्यात दिल्याची सही घेतली. तरुणानं कागदी रुमालांचं एक पाकीट दिलं. त्यावर छापलेलं होतं, सायकलीला दोन कुलपं लावा.

सायकलवर बसायची माझी छाती झाली नाही. हातात धरून आणली. सिंधू मांडवाच्या तोंडाशीच उभी होती. तिनं सायकल बघितली. मग माझ्या मागं रस्त्यावर बघितलं. पुन्हा सायकल बघितली.

"रणजित?"

"धरला."

"तुमी तिथं व्हता?"

"होतो."

"मग?"

मी सायकलचा स्टँड लावला. तिनं माझा डावा हात उचलला, बोटावरची शाई बघितली. अंगठ्यानं चोळली. निघाली नाही.

"काय लिवून दिलंत?"

"सायकल चोरीला गेली होती म्हणून."

ती हात सोडून झाडाखाली गेली आणि फळं तोडू लागली. चार ठोकरांचीही, एका ठोकरीचीही. चांगलं फळही. इतागाकी लांबून ओरडला. तिला ऐकू गेलं नाही. म्हाताऱ्यानं येऊन तिच्या हातातली कात्री काढून घेतली.

मला घाई होती. पोलीस घरी येतील हे डोक्यात. मी घरात गेलो आणि रणजितचं सामान कचऱ्याच्या पिशव्यांत भरू लागलो. शर्ट, टॉवेल, दात घासायचा ब्रश, आईनं पाठवलेली गोधडी. गादी मावेना म्हणून भाजीच्या सुरीनं फाडली. विभा शाळेतून आली, दप्तर पाठीवर तसंच ठेवून दारात उभी राहिली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग जपानीत म्हणाली, "पप्पा, रेझर त्यात टाकू नको. तो जळणाऱ्या कचऱ्यात नाही जात."

मी रेझर बाहेर काढला.

"चार्जरपण नाही," ती म्हणाली. मग विचारलं, आणि हे मराठीत, "मामा कुठाय?"

सिंधू आत आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पिशवीत हात घालून रणजितचे चिखलाचे रबरी बूट बाहेर काढले आणि दारात, जिथं होते तिथं, जोडीनं ठेवले.

"तिथं ठेवलेस आणि पोलीस आले तर?" मी म्हणालो.

"आले तर सांगा," ती म्हणाली, "चोराचं हायेत."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला आलाच, कात्री घेऊन. ओमाचीच्या रस्त्यानं एकेका बागेत दाखवत आला. मी परसदारी लपून ऐकत होतो. इतागाकी शिडीवर होता, पूर्वेच्या कोपऱ्यात. निरोप मी दिला होता, पण चढायला तोच चढला, चौऱ्याहत्तर वर्षांचा.

"ही कात्री ओळखता का, इतागाकी-सान?"

"माझी," म्हातारा वरूनच म्हणाला. "आणि माणूसही माझा."

"त्यांचं कार्ड..."

"माहीत आहे. चार वर्षं माहीत आहे. मी ठेवलाय त्याला. खाली उतरू की जाळं बांधून येऊ?"

पोलीस म्हणाला, "बांधून या."

म्हाताऱ्यानं शांतपणे चार गाठी मारल्या, उतरला, पांढरा शर्ट घातला आणि ठाण्यात गेला. तीनदा बोलावलं त्याला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. शेजारच्या बागवाल्यांनी मांडवात यायचं बंद केलं. माझं नाव त्यानं घेतलं नाही. तिसऱ्या खेपेहून आला तेव्हा मी त्याच्यापुढं गेलो, वाकलो, म्हणालो, "माझ्यामुळं तुम्हाला..."

"बाळा-सान," तो म्हणाला, "मला खोटं सांगायला सवड नव्हती. बाग पडली आहे." आणि कात्री माझ्या हातात दिली. "मंगळवारी येत जा. त्याची ओळ रिकामी आहे."

दर मंगळवारी मी रणजितच्या ओळीत उभा राहिलो. मान वर, हात वर. खांदे रात्री गादीला टेकववत नव्हते. बरं वाटायचं दुखलेलं. मग तेही खोटंच वाटायचं, कारण दुखणं मला कुणी विचारत नव्हतं.

रणजितला ठाण्यातून इमिग्रेशनच्या कोठडीत नेलं. सिंधू आणि विभा भेटायला गेल्या. मी नाही गेलो. भेटीच्या कागदावर नाव, कार्डाचा नंबर आणि कैद्याशी नातं लिहावं लागतं. सिंधूला जपानी लिहिता येत नाही. विभानं लिहिलं. आई, बहीण. ती स्वतः, भाची.

परत आल्यावर सिंधू भाकरी थापत होती. मी पाट ओढून बसलो.

"कसा हाय?"

"वाळलाय. काचंच्या पल्याड बसतो. हात लावता येत न्हाय."

"काय म्हणाला?"

"म्हाताऱ्याचं इचारलं. फळाचं इचारलं. जाळं टिकलं का इचारलं." तिनं भाकरी उलटली. "तुमची मान दुखती का अजून, ते इचारत व्हता."

मला त्यापेक्षा शिवी चालली असती.

एका रविवारी हॉटेलात जायच्या आधी मी चौकीत गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. शर्ट इस्त्रीचा घातला होता. चष्मेवाला नव्हता, तरुण होता. मला बघताच उठून उभा राहिला. "त्या दिवशी फार मदत झाली," म्हणाला. खुर्ची दिली. थंड चहा दिला. मी तोंड उघडलं.

"ती सायकल..."

"पुन्हा गेली?"

"नाही."

"बरं झालं आपणच आलात. इमिग्रेशनबरोबर तपासणी वाढते आहे, आणि आमच्याकडं भाषेची माणसं नाहीत. आपल्यासारख्या भरवशाच्या रहिवाशांची यादी करतो आहोत. कधी बोलावलं तर यायला जमेल का? नाव आणि फोन एवढंच." त्यानं कागद पुढं केला, पेन उघडून दिलं.

ट्रेन वीस मिनिटांनी होती. अर्जाचा निकाल लागायचा होता. मी नाव लिहिलं. फोन लिहिला. भाषेच्या रकान्यात मराठी लिहिलं. चहा संपवला आणि आलो.

हे मी सिंधूला सांगितलेलं नाही.

ऑगस्टमध्ये नाशी निघाली, निम्मीसुद्धा नाही. डागाची फळं म्हाताऱ्यानं मांडवात वेगळ्या टोपलीत ठेवली, वर पाटी लावली, गारांची फळं, चव तीच. लोक यायचे, पाटी वाचायचे, बिनडागाची न्यायचे.

ऑक्टोबरात पत्र आलं. इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन नवीन कार्ड घेतलं. कायमचा रहिवासी. विभानं कार्ड हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "फोटोत पप्पा हसतोय." मग ठेवून दिलं. सिंधूनं देवापुढं ठेवायला मागितलं नाही.

त्याच आठवड्यात रणजितला विमानात बसवलं. दोन दिवसांनी आटपाडीहून व्हिडिओ कॉल आला. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. दारात त्याचे बूट अजून होते. पडद्यावर रणजित, डोक्याचे केस बारीक, मागं डाळिंबाची झाडं आणि कुणाची तरी शेळी.

सिंधू रडली आणि रडता रडता हसली. "काय खाल्लंस?"

"आईनं काय खायाचं ऱ्हावू दिलंय व्हय? पोट फुटाय आलंय. विभे, जपानीत बोल की मामासंगं."

विभा त्याच्याशी जपानीत बोलली, भरभर, खूप वेळ. तो मध्येमध्ये शेतातल्या जपानीत उत्तर देत होता. म्हाताऱ्याला सांग, म्हणाला, थंडीत फांदी कापताना पूर्वेकडची झाडं जपून काप म्हणावं, मार बसलाय त्यांना. मी ताटातला भात कालवत होतो. कालवून झालेला भात पुन्हा कालवत होतो.

विभानं फोन माझ्याकडं केला. मी घेतला. तोंडापुढं धरला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. मी शोधला, नव्हता.

"काय साहेब," तो म्हणाला, "सायकल बरी हाय न्हवं?"

"हाय," मी म्हणालो.

"कुलूप लावत जावा."

सिंधूनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. "बोल रं," ती म्हणाली.